गाळणींतून निसटलेला रोग

तंबाखूच्या पानांवर चट्टे उठविणाऱ्या रोगानें शास्त्रज्ञांस चांगलेंच चकविलें होतें. १८९२ सालीं रशियांत इव्हानोव्हस्कीनें रोगट पानांचा रस जंतूंस अडविणाऱ्या चिनी मातीच्या गाळणींतून गाळला. तरीहि त्या रसानें निरोगी रोपें रोगी झालीं. हें जंतूंचेंच कृत्य, असें तो मानीत राहिला. १८९८ सालीं हॉलंडांत बायेरिंकनें तसाच प्रयोग करून सांगितलें कीं, हा जंतु नव्हे. जिवंत पेशींतच वाढणारें हें निराळें द्रव्य होय.

विषाणु आपल्या बळावर वाढत नाहीं. पेशींत शिरून तिच्याकडूनच आपल्या प्रतिकृति करवून घेतो व शेजारच्या पेशींस ग्रासतो, हें पुढें उलगडलें. पुरावा दोघांपुढें बहुतांशीं एकच होता. रूढ मताबाहेर पाहण्याचें धैर्य मात्र एकानेंच दाखविलें. शास्त्राची प्रगति उपकरणांइतकीच अशा धैर्यावर अवलंबून असते, असें आम्हांस वाटतें.