टीटनची सपाटी आणि गुपचूप झालेली खरेदी

मागच्या लाँग वीकेंडला वायोमिंगमधल्या जॅक्सन गावी गेलो होतो. बाकीची मंडळी गाडीने पार्क बघायला गेली, मी सायकल भाड्याने घेतली. गावातून निघणारा डांबरी मार्ग मूसवरून थेट ग्रँड टीटन नॅशनल पार्कात, जेनी लेकपर्यंत जातो. साधारण ३२ किलोमीटर, गाड्यांच्या रस्त्यापासून वेगळा. चालणारे, पळणारे, स्केटिंगवाले सगळे त्यावरच. डावीकडे १३,७७५ फुटांचा ग्रँड टीटन, आणि आपण मात्र मजेत बऱ्यापैकी सपाटीवर!

तर आजची गोष्ट ह्या सपाटीची.

१९२९ साली पार्क झालं तेव्हा त्यात डोंगर आणि पायथ्याची सहा तळी एवढंच होतं. डोंगरावर गुरं कोण चारणार? खालचं खोरं मात्र रँचवाल्यांचं. १९२६ मध्ये यलोस्टोनचे अधीक्षक होरेस ऑलब्राइट यांनी जॉन डी. रॉकफेलर ज्युनियरना ते दाखवलं होतं. साहेबांना खोरं आवडलं, रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या पाट्या खटकल्या. मग 'स्नेक रिव्हर लँड कंपनी' निघाली आणि तिने सुमारे ३५ हजार एकर जमीन १४ लाख डॉलरच्या आसपास घेतली. म्हणजे एकरी ४० डॉलर. पैसा कुणाचा, हे विकणाऱ्यांना माहीतच नव्हतं! नाव कळलं असतं तर भाव चढले असते ना.

१९३० मध्ये बिंग फुटलं. लोक भडकले. १९३३ मध्ये सिनेटने चौकशी केली, बेकायदेशीर काही सापडलं नाही. पण पार्क वाढवायला काँग्रेस तयार होईना. आता गंमत बघा, माणूस जमीन फुकट द्यायला बसलाय आणि सरकारला ती घेता येत नाही! शेवटी १९४३ मध्ये रूझवेल्टनी काँग्रेसला बाजूला ठेवून, स्वतःच्या अधिकारात खोऱ्याला 'राष्ट्रीय स्मारक' जाहीर केलं. निषेध म्हणून रँचवाल्यांनी पाचशेच्या वर गुरं त्या जमिनीवरून हाकत नेली. सोबत वॉलेस बीरी हा हॉलिवूडचा नट!

१९५० मध्ये तडजोड होऊन खोरं पार्कात आलं. रँचवाल्यांचे चराईचे हक्क बऱ्याच अंशी राखले, बुडालेल्या कराची भरपाई ठरली. आणि यापुढे वायोमिंगमध्ये काँग्रेसला विचारल्याशिवाय असं स्मारक करायचं नाही, हेही कायद्यात आलं.

सायकलमार्ग बराच नंतरचा. १९९९ मध्ये पार्कातल्या रस्त्यावर गाडीच्या धडकेने एक सायकलस्वार मुलगी गेली आणि वेगळ्या मार्गाची मागणी जोर धरू लागली. मूस ते जेनी लेक हा टप्पा २००९ मध्ये झाला, जॅक्सनपासूनचा २०१२ मध्ये.

आमच्या आजोबांची दोन एकर कालव्यात गेली. ते पाणी आज अख्खा तालुका पितो, पण आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, "आधी नीट विचारलं असतं तर दिली नसती का?" जेनी लेकच्या काठावर डबा खाताना तेच आठवत होतं.

त्या गुरांच्या मोर्चात क्लिफर्ड हॅन्सन नावाचा एक तरुण रँचवाला होता. पुढे तो वायोमिंगचा गव्हर्नर झाला, सिनेटर झाला. आपण हरलो तेच बरं झालं, असं त्याने नंतर कबूल केलं. मोठा माणूस! पण आजोबांचा प्रश्न त्याने सुटत नाही. ३२ किलोमीटर परत येतानाही सुटला नाही.

असो. तिकडे गेलात तर सायकल जरूर घ्या. फक्त नोव्हेंबर ते एप्रिल एल्क हरणांसाठी जॅक्सनजवळचा टप्पा बंद असतो.