मिशन कुणी उभं केलं?

परक्या मुलखात मिशन काढायचं तर काय काय लागतं? पैसा लागतो, जहाज लागतं, सरकारचा परवाना लागतो, तिथली भाषा यावी लागते आणि मरायची तयारी लागते. अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास आपल्याला असाच वाचायला मिळतो. साहेब आला, मराठी शिकला, पटकीनं मेला, त्याच्या जागी दुसरा साहेब आला. हे खोटं नाही. पण ह्यात आपला पणजोबा कुठं आहे? असलाच तर आकड्यात आहे. अमुक साली इतके महार बाटले, इतके मांग बाटले. नाव नाही, गाव नाही, तोंड नाही. म्हणून मित्रांनो, मी हा इतिहास गावकुसाबाहेरून वाचायला घेतलाय.

आधी साहेबाचं ऐकू. १८०६ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजातली पाच पोरं वादळात गवताच्या गंजीआड बसली आणि परदेशात धर्म न्यायचा असं त्यांच्यात ठरलं. त्यातून १८१० साली 'अमेरिकन बोर्ड' निघालं. फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम गावात पाच जणांना दीक्षा दिली आणि व्यापारी जहाजांत बसवून त्यांना कलकत्त्याला धाडलं. तिथं कंपनी सरकारनं सांगितलं, चालते व्हा. १८०६च्या वेल्लोरच्या बंडानंतर सरकारला धर्मप्रचाराची धास्ती होती. त्यात जून १८१२ मध्ये अमेरिका-इंग्लंड लढाई जुंपली, म्हणजे हे पाद्री शत्रूचे झाले. (ह्याच कंपनीचं सरकार जगन्नाथपुरीला यात्रेकरूंकडून कर गोळा करत होतं. देवाचं वावडं नव्हतं त्यांना, गल्ला बुडण्याचं होतं.)

मंडळी पांगली. जडसन बाप्टिस्ट होऊन १८१३त ब्रह्मदेशात गेला. न्यूएलची बायको हॅरिएट मॉरिशसला १८१२ साली वारली. वय वर्षं एकोणीस. जन्मलेलं पोर जहाजावरच गेलेलं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. गव्हर्नर नेपियननं त्यांना इंग्लंडला पाठवायचा हुकूम काढला. हे दोघं गुपचूप जहाजानं कोचीनला सटकले, पकडून परत आणले गेले. हॉलनं गव्हर्नरला पत्र लिहून धर्माच्या नावानं जाब विचारला. तिकडं १८१३च्या सनदेच्या कायद्यानं मिशनऱ्यांना दार किलकिलं झालं आणि शेवटी ह्यांना राहू दिलं. नॉट १८१५ साली आजारी होऊन परतला. न्यूएल १८२१ला पटकीनं गेला, हॉल १८२६ला नाशकाकडच्या दौऱ्यात पटकीनंच गेला. ह्या माणसांच्या धैर्याला मी कमी लेखणार नाही. जिवावर उदार होऊन आले होते.

पण आले कुणासाठी?

मुंबईत शाळा काढल्या, त्यात पंतोजी ब्राह्मण ठेवले. छापखाना घातला, १८१७ पासून मराठी पुस्तकं छापली. हे काम मोठंच. पुढं निर्णयसागर काढणारे जावजी दादाजी ह्याच छापखान्यात अक्षरं पाडायला शिकले. पण मिशनचा डोळा होता वरच्या जातींवर. ब्राह्मण आला की बाकीचे मेंढरासारखे मागून येतील, हा त्यांचा हिशेब. बाबासाहेबांनी मिशनऱ्यांवर लिहिताना ह्याच हिशेबावर बोट ठेवलंय. हिशेब चुकला. पहिल्या वीस वर्षांत मुंबईतले बाप्तिस्मे बोटांवर मोजावेत असे.

१८३१च्या डिसेंबरात मिशन नगरला (आताचं अहिल्यानगर) गेलं. तिथं मिशननं अनाथ-पंगूंसाठी आसरा चालवला. १८३३त मंडळी स्थापन झाली तेव्हा तिच्यात ह्या आसऱ्यातले, गावानं टाकलेले लोक होते. साहेब ब्राह्मणाची वाट बघत बसलेला आणि दारात उभा राहिला तो महार-मांग. १८३९ला हरी आणि नारायण रामचंद्र खिस्ती हे ब्राह्मण भाऊ बाटले तेव्हा केवढा गाजावाजा झाला! पण गोदावरीकाठच्या खेड्यांतून जी मंडळी उभी राहिली ती ब्राह्मणांची नव्हती, महारवाड्यातली होती.

ती कशी उभी राहिली? साहेब थंडीत दौऱ्यावर यायचा, तंबू ठोकायचा, उन्हाळ्याआधी परत. मागं बातमी कुणी फिरवली? महार हा गावाचा वेसकर. सरकारी कागद ह्या गावचा त्या गावी न्यायचा, सारा पोचवायचा, वाट दाखवायची. शिवाय सोयरीक वीस-पंचवीस कोसांत पसरलेली. वतनानं आणि सोयऱ्याधायऱ्यांनी बांधून ठेवलेलं हे जाळं होतं, त्यावरूनच येशूची आणि त्याहून जास्त शाळेची बातमी गेली असणार, असं माझं म्हणणं. खेड्यातल्या शाळेत बारा महिने टिकणारा मास्तर बाटलेला महारच होता. पोटासाठी बाटले म्हणतात. म्हणोत! पोट असलेल्या माणसानंच पोटाला हिणवावं का? आणि पोटाइतकीच अक्षराचीही भूक होती. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं महार पोराला दारातून हाकललं, हे ध्यानात ठेवा.

मिशनच्या पत्रानं, 'ज्ञानोदया'नं, १८५५ साली मुक्ता साळवेचा निबंध छापला. फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर ती. वेद ज्यांना शिवायचे नाहीत त्यांचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिनं टाकला. पाद्र्याच्या पानावर, पण सवाल तिचा. फुलेही नगरला मिस फरारची मुलींची शाळा बघून आलेले. ही सिंथिया फरार १८२७ साली एकटी बाई मिशनरी म्हणून आली, १८६२ला नगरलाच वारली.

आता दुसरी बाजू. हेच अमेरिकन बोर्ड आपल्या घरी गुलामांच्या मालकांविरुद्ध ठाम उभं राहीना, त्यांच्याकडून देणग्या घेई. म्हणून चिडलेल्या लोकांनी १८४६ला वेगळी 'अमेरिकन मिशनरी असोसिएशन' काढली. ज्योतीबांनी १८७३त 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकनांना, सगळ्या पाद्र्यांना नव्हे. आणि १८५४-५५त बोर्डाचा रुफस अँडरसन पाहणीला आला तेव्हा त्यानं धोरण ठरवलं की इंग्रजी शाळांवर खर्च नको, खेड्यात मराठी शाळा आणि देशी पाळक पुरेत. स्वतःच्या पायावर उभी राहणारी मंडळी हवी, हे बोलणं चांगलंच. पण इंग्रजीचं दार नेमकं तेव्हा आवळलं, जेव्हा आपली पोरं उंबऱ्यापर्यंत पोचली होती. बामणाच्या पोराला सरकारी हायस्कूल होतंच.

बाबासाहेब १९३८ साली सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढं बोलले. तुमच्यात शिक्षण आहे, पण अन्यायाविरुद्ध तुम्ही राजकारणात उतरत नाही, अशी त्यांची रोखठोक तक्रार होती. देवळाच्या आतही जात शिल्लक राहते, हे त्यांनी मद्रासकडच्या मंडळ्यांचे दाखले देऊन लिहिलंय. त्यांनी १९५६त बुद्ध निवडला. तरी आपल्यातले काही ख्रिस्ती भाऊबंदांना 'बाटगे' म्हणतात तेव्हा मला कळत नाही, कुणाची शिवी आपण कुणाला देतोय.

कारण सरकारनं त्यांना कधीच वेगळं काढलंय. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. १९५६त शीख आले, १९९०त बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर. महाराष्ट्रात त्यांना ओबीसीत घातलंय. २०२२ साली केंद्रानं ह्या प्रश्नावर आयोग नेमला. आमच्या भावकीत दोन चुलतभाऊ आहेत. आजा एक, वाडा एक, मेल्यावर पुरायची जागा तेवढी वेगळी. एकाला जातीचा दाखला मिळतो, दुसऱ्याला कचेरीतला कारकून विचारतो, तुम्ही कधीपासून महार?