मामा तलावांची पाणीराखण

पोंभुर्णा, मूल, सिंदेवाही, नागभीड हा चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा पट्टा धानाचा. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी इथल्या शेतीचा घोर पाण्याचाच. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो आणि उशिरा पिकणारे भारी धान नोव्हेंबरपर्यंत बांधीत, म्हणजे खाचरात, उभे असते. धान निसवायच्या सुमाराला एकदोन पाणी चुकले की लोंब्या पोचट राहतात. एका एकरात चार इंच पाणी उभे करायचे तर चार लाख लिटर लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत मिळून जवळजवळ सात हजार तलाव बांधले गेले, ते मुख्यतः या शेवटच्या पाण्यांसाठी.

तलावांची परंपरा चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांकडे जाते. जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन, असा हिरशहा राजाचा हुकूम होता, असे सांगितले जाते. ही गोष्ट दंतकथा म्हणून सोडून देता येते, पण तिच्यातला व्यवहार पक्का आहे. बक्षीस भिजणाऱ्या जमिनीच्या मापाने मिळणार असेल, तर पाळीतून झिरपलेले पाणी म्हणजे बांधणाऱ्याचीच गेलेली जमीन. कोहळी समाजाने या कामात विशेष नाव कमावले.

तलावाची रचना साधी होती. उताराला आडवी मातीची पाळ, जादा पाणी काढून देणारा सांडवा आणि शेताकडे पाणी सोडणारे तुडुम. तुडुमाला वेगवेगळ्या पातळीवर भोके असत आणि ती बुचांनी बंद केलेली असत. आधी वरचे बूच काढायचे, पाणी उतरले की त्याखालचे. भोकावर उभ्या पाण्याची उंची त्यामुळे नेहमीच बेताची राही आणि धार आवरती येई. तळाचे भोक पहिल्यांदाच उघडले, तर भरल्या तलावाच्या दाबाने पाणी नहरीत मावेनासे होऊन वाया जाते. यंत्र, मीटर काही नसताना प्रवाहावर ताबा ठेवण्याची ही युक्ती आजच्या अभियंत्यानेही मान डोलवावी अशी आहे.

नासाडी शोधण्याचे खरे काम मात्र तुडुमाच्या पुढे सुरू होई. इथे पाणी एका बांधीतून दुसरीत उतरत जाते. प्रत्येकाच्या शेतापर्यंत वेगळा पाट नसतो. वरच्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, खेकड्याने बीळ पाडले, की रात्रीतून बांधी रिकामी होते आणि खालच्याचा वाटा भलतीकडे जातो. म्हणून पाणी चालू असताना धुऱ्यांवरून फिरणे, बिळे चिखलाने बुजवणे, शेवटच्या बांधीत पाणी पोचले का ते पाहणे, हे रोजचे काम. पाणी वाटणाऱ्या माणसाला भंडाऱ्याकडे पाणकर म्हणत. रोवणीआधीची चिखलणीही याच हिशेबातली. माती घोटली गेली की तळ बसतो आणि पाणी मुरणे कमी होते. धान कापण्याआधी त्याच ओलीवर लाखोळी किंवा जवस फेकून घेतली जाई. या उतेरा पिकाला वेगळे पाणी द्यावेच लागत नसे.

1854 मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि पुढच्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्यांना, गावाची मालकी मिळाली. मेजर लुसी स्मिथ यांनी 1869 साली चांद्याचा बंदोबस्त अहवाल लिहिला. तलाव मालगुजाराच्या नावावर गेले, तरी गावचे रिवाज वाजिब-उल-अर्जात लिहिलेले असत आणि निस्ताराचे, म्हणजे रोजच्या गरजेपुरत्या वापराचे, हक्क गावाकडे राहिले. ही व्यवस्था न्यायाची होती असे मुळीच नाही. वेठ, वरचष्मा सगळे होते. पण पाळ दुरुस्त करणारा, बूच काढणारा आणि पाण्याने ज्याचे पोट भरते तो, हे तिघे एकाच गावात होते. पुढे सरकारनेही मोठे तलाव बांधले. असोलामेंढा आणि घोडाझरी हे विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकातले.

1951 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने मालगुजारी संपवली आणि तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा’ तेव्हापासूनचे. शेतकऱ्यांचे पाणी हक्काचे होते, सरकारला पाणीपट्टी हवी होती. या ओढाताणीत पाळीवरची माती कोणी टाकायची हेच ठरेना. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे गेले. तुडुमांच्या जागी बऱ्याच ठिकाणी लोखंडी गेट बसले. ते खालूनच उघडते आणि गंजले की पुरते बंदही होत नाही. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा 2005 मध्ये झाला. त्यात पाणी मोजून पाणीवापर संस्थेला द्यायचे आहे, आणि वाटप संस्थेने करायचे.

अलीकडे भर आहे तो गाळ काढण्यावर. 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. गाळ निघाला की साठा वाढतो, हे खरे. पण कोणता साठा, हे पाहावे लागते. सर्वांत खालच्या भोकाच्याही खाली खणून मिळालेले पाणी ढिवरांच्या मासळीला आणि गुरांना उपयोगी पडते, बांधीपर्यंत मात्र ते आपोआप उतरत नाही. आणि चिकण मातीचा थर ओलांडून जेसीबी मुरमापर्यंत गेला, तर तलाव तळातूनच गळू लागतो.