पाळीबदलाची घटका

कोणत्याहि मोठ्या रुग्णालयांत दिवसांतून तीन वेळां एक घटका अशी येते कीं, रोग्याची खरी माहिती जिला आहे ती परिचारिका घरीं निघालेली असते, आणि जी आतां त्याची काळजी वाहणार तिला त्याच्याविषयीं अद्याप कांहींच ठाऊक नसतें. सकाळपाळी संपून दुपारपाळी येते, दुपारपाळी संपून रात्रपाळी. रात्र सरली कीं पुन्हां सकाळ. खाट तीच, औषधें तींच, रोगीहि तोच. त्याला ओळखणारे डोळे तेवढे बदलतात. या देवघेवीला इंग्रजींत हँडओव्हर म्हणतात. आपल्याकडील वॉर्डांतून परिचारिका तिला ‘ओव्हर देणें’ आणि ‘ओव्हर घेणें’ असें सुटसुटीत नांव देतात. दहापंधरा मिनिटांच्या या कृत्याला इतिहास आहे, आणि तो आज आपणांस सांगावा असा माझा मानस आहे.

चार्ज देणें-घेणें ही गोष्ट आपल्या लोकांना नवी नाहीं. मी शाळामास्तर, मुख्याध्यापक बदलला कीं शाळेंत काय सोहळा होतो तो मीं अनेकदां पाहिला आहे. बांकें इतकीं, नकाशे इतके, पृथ्वीचा गोल एक, त्याचा दांडा मोडलेला, पितळी घंटा एक, अशी यादी होते व तिच्यावर दोघांच्या सह्या पडतात. पण चौथींतील कोणत्या मुलाला फळा दिसत नाहीं, कोणाचे वडील नुकतेच वारले आहेत, हें त्या यादींत कधींच नसतें. जाणारा मास्तर तें आपल्याबरोबर घेऊन जातो. रुग्णालयांतहि निराळें नाहीं. पाळी बदलतांना थर्मामीटर, कात्र्या, चादरी यांची मोजदाद काटेकोर होते, कारण एक वस्तु कमी भरली तर जाब द्यावा लागतो. रोग्याची हकीकत मात्र पुष्कळ काळ तोंडींच सांगितली जाई, आणि अजूनहि कित्येक ठिकाणीं तशीच सांगितली जाते.

तोंडच्या शब्दावर विसंबून न राहण्याची एक कडक शिस्त आमच्या या भागानें फार लवकर पाहिली. ती आगगाडीची. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली गाडी ठाण्यास आली आणि १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत धांवूं लागली. पुढें एकेरी मार्गांसाठीं टोकनची पद्धति निघाली. त्या टप्प्याचें टोकन हातीं पडल्यावांचून ड्रायव्हरनें गाडी पुढें न्यावयाची नाहीं, आणि एका टप्प्याचें एका वेळीं एकच टोकन बाहेर. एका स्टेशनमास्तरनें दुसऱ्यास निरोप दिला कीं ऐकणाऱ्यानें तो पुन्हां म्हणून दाखवावयाचा व आपला गुप्त आंकडा द्यावयाचा, आणि मग दोघांच्या वहींत नोंद. यांत कोणाच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका नाहीं. माणूस थकतो, विसरतो, अर्धें ऐकतो, एवढेंच यांत गृहीत धरलेलें आहे.

योगायोग असा कीं, ज्या १८५४ सालीं गाडी कल्याणास पोंचली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही ३८ परिचारिकांसह इस्तंबूलसमोरील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत दाखल झाली. तिच्या हातांतील दिव्याचें चित्र आपल्या क्रमिक पुस्तकांनीं घरोघर पोंचविलें. मला मात्र तिच्या दिव्यापेक्षां तिची वही अधिक महत्त्वाची वाटते. १८५९ मध्यें तिनें शुश्रूषेवर जें लहानसें पुस्तक लिहिलें, त्यांत हवा, प्रकाश, स्वच्छता यांच्याबरोबर एक सबंध प्रकरण किरकोळ वाटणाऱ्या व्यवस्थेवर आहे. त्याचा मथितार्थ असा: आपण हजर असतांना जें आपण करतों, तें आपण नसतांनाहि होईल अशी तजवीज ज्या परिचारिकेला करतां येत नाहीं, तिची उत्तम सेवाहि वायां जाते. ‘मी असतें तर असें झालें नसतें’ हें समर्थन तिला मान्य नाहीं. तूं नसतांना काय होईल याची व्यवस्था करणें हेंच तुझें काम, असें तिचें म्हणणें. पाळीबदलाचें शास्त्र म्हणतात त्याचें बीज या एका विचारांत आहे.

हें बीज आपल्या भूमींत रुजण्यास वेळ लागला. मुंबईचें कामा रुग्णालय १८८६ मध्यें उघडलें. त्याच वर्षीं कल्याणांत जन्मलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेंत फिलाडेल्फियास वैद्यकीची पदवी घेत्या झाल्या. आनंदीबाईंचें नांव कल्याणच्या शाळकरी मुलांनाहि ठाऊक आहे. परंतु १८९१ मध्यें परिचारिकेचें शिक्षण घेण्यास आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचें नांव, शुश्रूषेच्या पाठ्यपुस्तकांतील एक ओळ सोडली, तर कोणाच्या कानांवर नाहीं. डॉक्टराचें चरित्र होतें, परिचारिकेची नोंद होते! पुढें १९०९ मध्यें पुण्यास रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सेवासदन निघालें आणि त्या संस्थेनें विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयांत या शिक्षणासाठीं पाठविण्याचें धाडस केलें. परक्या पुरुषाचें अंग पुसावयाचें, भांडें उचलावयाचें, रात्रपाळीस घराबाहेर राहावयाचें, हें त्या काळीं किती घरांना रुचलें असेल याची कल्पना माझ्या वयाच्या श्रोत्यांना सहज येईल. १९३५ मध्यें मुंबई इलाख्यांत परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला.

एवढें होऊनहि संख्या किती? १९४६ च्या भोर समितीनें हिशेब मांडला तो असा कीं, ब्रिटिश हिंदुस्थानांत सुमारें ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकसंख्येमागें एक. हा आंकडा पाहिला म्हणजे आपल्या रुग्णालयांत नातेवाईक खाटेशेजारीं चटई टाकून कां बसत, याचा उलगडा होतो. पेज तो भरवीत असे, कूस तो बदलीत असे, रात्रीं किती वेळां लघवी झाली तेंहि तोच मोजीत असे. आपण याला दारिद्र्याचें लक्षण म्हणतों, आणि तें आहेहि. पण त्यांतून एक गोष्ट नकळत साधली. सबंध वॉर्डांत पाळी न बदलणारा माणूस तो एकटाच. डॉक्टर बदलले, परिचारिका बदलल्या, तरी खाटेची सलग आठवण त्या चटईवर बसलेल्या सुनेपाशीं किंवा भावापाशीं राहिली. आतां अतिदक्षता विभागाच्या कांचेआड नातेवाइकास जातां येत नाहीं. यंत्रें आलीं, औषधें दसपट झालीं आणि ती आठवणहि दाराबाहेर गेली. म्हणजे पाळीबदल जेथें सर्वांत नाजूक, तेथें त्याचा जुना आधार उरला नाहीं.

चूक कशी होते याचें एक साधें उदाहरण सांगतों. माझ्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांची शस्त्रक्रिया सकाळीं व्हावयाची होती. रात्रीं बारापासून तोंडांत पाणीहि घालूं नये, असें दुपारपाळीच्या बाईंना सांगण्यांत आलें होतें. तो निरोप रात्रपाळीपर्यंत पोंचला, सकाळच्या पाळीपर्यंत पोंचला नाहीं. आणि सहा वाजतां त्यांना चहा-बिस्किटें मिळालीं. शस्त्रक्रिया दोन दिवस लांबली. गृहस्थ हंसून म्हणाले, चहा मात्र चांगला होता. त्या जागीं न सोसणारें इंजेक्शन असतें तर हंसावयास ते उरले असते कीं नाहीं कोण जाणे.

आतां पुराव्याकडे वळूं. शाळेंत पावसाळ्याच्या तासाला आम्ही मुलांना कानगोष्टीचा खेळ देत असूं. पहिल्या बांकावरील वाक्य शेवटच्या बांकावर काय होऊन बाहेर पडतें तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. २००५ मध्यें इंग्लंडांत नेमका हाच खेळ गंभीरपणें मांडण्यांत आला. बारा काल्पनिक रोग्यांची माहिती एका परिचारिकेनें दुसरीस, दुसरीनें तिसरीस, अशी पांच वेळां हस्तांतरित करावयाची. केवळ तोंडीं सांगितलें तेव्हां तीन फेऱ्यांत सारी माहिती नष्ट झाली. ऐकतांना टिपण घेतलें तेव्हां पांच फेऱ्यांनंतर ३१ टक्के माहिती बरोबर उरली. आधींच छापलेला तक्ता हातीं देऊन वर तोंडीं सांगितलें, तेव्हां जवळजवळ कांहींच हरवलें नाहीं. तीन फेऱ्या म्हणजे आपल्या हिशेबानें एक दिवस. सोमवारीं सकाळीं जें कळलें तें मंगळवारीं सकाळीं पार पुसलें गेलेलें! टिपणाचा निकाल मला अधिक अस्वस्थ करतो, कारण बहुतेक ठिकाणीं पाळी टिपणावरच चालते आणि आपण लिहून घेतलें या समाधानांत दोन तृतीयांश माहिती निसटते.

यावर उपाय शोधणाऱ्यांनीं लांबलांबच्या धंद्यांतून शिकवण घेतली. अमेरिकन आरमाराच्या पाणबुड्यांत बोलण्याचा एक सांचा वापरीत: आतां काय घडत आहे, त्यामागची हकीकत काय, माझा अंदाज काय, आणि पुढें काय करावें. कोलोरॅडोमधील एका रुग्णसेवा संस्थेनें तो उचलला, आणि आज तो ‘एस्-बार’ या नांवानें आपल्याकडील नर्सिंग कॉलेजांतूनहि शिकवितात. लंडनच्या मुलांच्या एका रुग्णालयांतील डॉक्टरांनीं मोटारींच्या शर्यतींत काहीं सेकंदांत चाकें बदलणाऱ्या पथकाकडून धडे घेतले. २००७ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाप्रमाणें हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागाकडे मूल सोंपवितांना गळणारी माहिती जवळजवळ निम्म्यावर आली. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें रुग्णसुरक्षेसाठीं जे नऊ उपाय सुचविले त्यांत या देवघेवीला स्वतंत्र जागा दिली. २०१४ मध्यें अमेरिका व कॅनडा येथील नऊ रुग्णालयांचा अनुभव प्रसिद्ध झाला: ठराविक सांचा, शिक्षण व देखरेख यांच्या जोडीनें चुका २३ टक्क्यांनीं आणि टाळतां येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनीं घटली.

येथें थोडा सावधपणा हवा. हे शेवटचे आंकडे तरुण डॉक्टरांच्या पाळीबदलाचे आहेत, परिचारिकांच्या नव्हेत. परिचारिकांच्या कोणत्या पद्धतीनें माहिती अधिक टिकते, याचा पुरावा कॉक्रेन या जगन्मान्य मंडळानें २०१४ मध्येंच शोधला, तेव्हां त्यांच्या कसोटीस उतरणारा एकहि अभ्यास त्यांना सांपडला नाहीं. तेव्हां अमुक छापील तक्ता आणला कीं मृत्यु थांबले, अशी जाहिरात कोणी केली तर ती ऐकून सोडून द्यावी. छापील तक्ता, खाटेपाशीं उभें राहून सांगणें, ऐकणारीनें पुन्हां म्हणून दाखविणें, या तीन गोष्टींचा पक्ष बळकट आहे, इतकेंच आज म्हणतां येतें. आणि माझ्या मतें तेवढें पुरेसें आहे.

सरकारी दप्तरींहि हें मान्य झालें आहे. २०१३ च्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत जिल्हा रुग्णालयांसाठीं एक कलम आहे, तें याच विषयाचें: पाळी बदलतांना रोगी सोंपविला जातो का, त्याची नोंदवही आहे का, आणि सोंपविणें खाटेपाशीं होतें का. ठाण्याचें विठ्ठल सायन्ना रुग्णालय घ्या, कल्याणचें रुक्मिणीबाई, डोंबिवलीचें शास्त्रीनगर किंवा कळव्याचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय घ्या. प्रश्न कलमाचा नसून मिनिटांचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें कळव्याच्या या ५०० खाटांच्या रुग्णालयांत एका दिवसांत १८ रोगी दगावले व साऱ्या महाराष्ट्राचें लक्ष तिकडे वेधलें. त्याचें कारण पाळीबदल होतें असें मी म्हणत नाहीं. पण शहापूर-मुरबाडपासूनचे रोगी जेथें येऊन थडकतात, तेथील गर्दीची कल्पना त्यावरून यावी. चाळीस खाटा दोघींकडे असल्या आणि प्रत्येक खाटेपाशीं दोन मिनिटें थांबावयाचें म्हटलें, तर ऐंशी मिनिटें झालीं. तीं कोणाच्या पाळींतून काढावयाचीं? जाणारीची कल्याण-कसारा गाडी ठरलेली असते, आणि तिच्या पाळणाघराची वेळहि. ही मिनिटें पगारी पाळींत धरल्यावांचून, दोन पाळ्या एकमेकींवर अर्धा तास चढविल्यावांचून, नोंदवहीवर सह्या होतील, सोंपविणें होणार नाहीं. सह्या कशा होतात हें शाळाखात्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास कोणीं सांगावयास नको.

शेवटीं भाषेविषयीं बोलतों, कारण तो माझा विषय. आपल्या वॉर्डांत विदर्भातील परिचारिका आहेत, कोंकणांतील आहेत, केरळांतीलहि पुष्कळ आहेत; वही इंग्रजींत, आपसांतील बोलणें हिंदींत, आणि रोगी बोलतो आगरी किंवा मालवणी वळणाची मराठी. तो म्हणतो ‘जीव घाबरा होतोय’. हें वहींत उतरतांना ‘रोगी चिंतातुर’ असें होऊन बसतें. वास्तविक त्याला श्वास पुरत नसतो, किंवा काळजाचें कांहीं बिनसलेलें असतें. कळ, ठणका, चमक, शूळ, मुरडा, आग: सहा निरनिराळीं दुखणीं, आणि वहींत सर्वांना मिळून ‘पेन’ हा एकच शब्द. म्हातारी सांगते ‘डोळ्यांपुढें अंधारी येते’, तिसऱ्या पाळीपर्यंत तिची ‘कमजोरी’ झालेली असते. ठाण्याकल्याणच्या एखाद्या परिसेविकेनें आपल्या छापील तक्त्यांत एक रकाना अधिक आंखून पाहावा, असें मला फार दिवस वाटतें. त्यांत रोग्यानें स्वतः उच्चारलेले चार शब्द, देवनागरींत, जसेच्या तसे लिहावे, आणि पाळी बदलतांना ते त्याच्या खाटेपाशीं मोठ्यानें वाचून दाखवावे. शब्द चुकला असेल तर तो सांगेल, आणि त्याला बोलवत नसेल तर दाराबाहेर बसलेली त्याची सून सांगेल.