जमशेदपूर : जकातीची किंमत

उद्योगपती आणि राजकारण यांच्या संबंधांविषयी बोलू लागलो की आपली चर्चा बहुधा परवाना-पद्धतीच्या काळापासून सुरू होते. माझ्या मते ती निदान १९२४ पर्यंत मागे न्यावयास हवी. नोकरीतील काही वर्षे पूर्व भारतात गेल्यामुळे जमशेदपूरला जाणे-येणे घडले आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून जकात मंडळाचे जुने अहवालही हाताळले. या दोहोंतून जे चित्र उभे राहिले ते येथे मांडतो.

पहिले महायुद्ध संपल्यावर टाटांच्या पोलाद कारखान्याने मोठा विस्तार हाती घेतला. त्याच सुमारास परदेशी पोलाद स्वस्त झाले. कंपनीची स्थिती इतकी बिकट झाली की १९२४ मध्ये सर दोराबजी टाटांना इंपीरियल बँकेकडे स्वतःची मालमत्ता, पत्नीच्या जडजवाहिरासह, तारण ठेवावी लागली. कंपनीने सरकारकडे संरक्षक जकात मागितली. १९२३ मध्ये नेमलेल्या जकात मंडळात जॉर्ज रेनी आणि पी. पी. गिनवाला यांच्यासोबत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राध्यापक वामन गोविंद काळे होते. अर्थशास्त्र मराठीत आणणाऱ्या या गृहस्थांचे नाव आज पुण्यातही क्वचितच निघते, हे जाता जाता नमूद करतो. मंडळाने संरक्षणाची शिफारस केली आणि १९२४ मध्ये तसा कायदा झाला.

मध्यवर्ती कायदेमंडळात या विधेयकाला स्वराज्य पक्षाचा पाठिंबा होता. पोलाद स्वदेशी, तेव्हा त्याचे रक्षण हे राष्ट्रकार्य, अशी ती भूमिका. परंतु महाग पोलादाचा भार साऱ्या देशाने सोसावयाचा, तर त्या बदल्यात कारखान्यातील मजुराला काय मिळणार, हा प्रश्न सभासद नारायण मल्हार जोशी आणि चमनलाल यांनी उपस्थित केला. मजुरांच्या हिताच्या अटी कायद्यात घालाव्यात ही सूचना मान्य झाली नाही. प्रश्न मात्र सभागृहात विचारला गेला आणि माझ्या समजुतीप्रमाणे तेथेच कंपनीचा एक बचाव कायमचा ढासळला. राष्ट्राच्या नावाने जकात मागणाऱ्याला मजुरांशी असलेला तंटा ही आपली खासगी बाब आहे असे यापुढे म्हणता येणार नव्हते.

तंटा तर होताच. १९२० च्या संपात गोळीबार होऊन कामगार मृत्युमुखी पडले आणि त्याच संपातून जमशेदपूर लेबर असोसिएशन जन्मास आली. १९२२ मध्ये पुन्हा संप झाला. येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. आठ तासांचा दिवस कारखान्यात १९१२ पासून होता. भविष्यनिर्वाह निधी आणि पगारी रजा १९२० मध्ये आली. देण्याच्या बाबतीत कंपनी त्या काळाच्या मानाने उदारच होती. अडत होते ते मान्यतेपाशी. मालकाने आपणहून दिले तर ते दातृत्व; संघटनेने मागून घेतले तर तो करार. दातृत्व जमत होते, करार नको होता.

स्वराज्य पक्षाची मंडळी मध्यस्थीत पडली. ऑगस्ट १९२५ मध्ये गांधीजी जमशेदपूरला आले. संचालकांपैकी रतनजी दादाभाई टाटा यांच्याशी बोलणे होऊन संघटनेला मान्यता मिळाली. वर्गणी पगारातून कापून देण्याचे ठरले, बडतर्फ केलेले चिटणीस पुन्हा कामावर आले. अध्यक्षपदी सी. एफ. अँड्र्यूज होते. ज्यांची मते दिल्लीत हवी होती त्यांचा शब्द कारखान्याच्या फाटकाशी टाळणे कंपनीला परवडणारे नव्हते. यात उपकाराची फेड किती आणि शहाणपण किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

पण मान्यता दिली म्हणजे कलह मिटतो असे नाही. कधी कधी तो नुसती जागा बदलतो. संरक्षणाची मुदत वाढविताना जकात मंडळाने खर्च, विशेषतः कामगारांची संख्या, कमी करण्यावर भर दिला. १९२७ च्या कायद्याने संरक्षण पुढे चालू राहिले आणि पाठोपाठ कामगारकपात आली. १९२८ च्या उन्हाळ्यात संप आणि टाळेबंदी सुरू झाली. या वेळी कामगार मान्यताप्राप्त संघटनेच्या मागे नव्हते, तर माणेक होमी नावाच्या पारशी वकिलाच्या मागे होते. ऑगस्टमध्ये सुभाषचंद्र बोस असोसिएशनचे अध्यक्ष झाले आणि सप्टेंबरमध्ये समझोता झाला. तो अनेकांना अपुरा वाटला. होमींनी वेगळी फेडरेशन काढली आणि कामगार मोठ्या संख्येने तिकडे गेले.

सुभाषबाबूंना या प्रसंगी बहुतेक लेखक एक तर गौरवितात किंवा वगळतात. मला त्यांची अडचण समजते. पोलादाचा राष्ट्रीय कारखाना बुडू द्यावयाचा नाही आणि मजुरालाही सोडावयाचे नाही, अशा दुहेरी बांधिलकीत ते सापडले होते. कपातीचा प्रश्न त्यांनी पुरता सोडविला नाही. परंतु वरिष्ठ जागांवर भारतीय नेमावेत, ही मागणी त्यांनी व्यवस्थापनापुढे आग्रहाने मांडली. पहिले भारतीय जनरल मॅनेजर, जहांगीर गांधी, १९३८ मध्ये आले.

पुढे असोसिएशनचे टाटा वर्कर्स युनियन झाले. मायकेल जॉन अध्यक्ष असताना १९५६ मध्ये या संघटनेशी संयुक्त सल्लामसलतीचा करार झाला. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतून तो आजही सांगितला जातो. त्यानंतर दोनच वर्षांनी, मे १९५८ मध्ये, साम्यवादी नेतृत्वाखालील दुसऱ्या संघटनेने मोठा संप केला. मुख्य प्रश्न पुन्हा मान्यतेचाच होता आणि या खेपेस कंपनी बधली नाही.