पहिला बोजा कुणाचा?

सुरत आणि खानदेशातील जळगाव एकेकाळी एकाच मुंबई इलाख्यात होती. तेथे १८७९ च्या जमीन महसूल कायद्यान्वये जमिनीचा सारा थकला की तो वसूल करण्याचा पहिला हक्क सरकारचा. सावकाराचे गहाणखत मागे पडे. पुढे विक्रीकरानेही तोच मान मागितला व २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो दिला. बँका हवालदिल झाल्या. आणि सहकारी बँकेतला पैसा अखेर ठेवीदारांचाच ना!

२०१६ ची कायदेदुरुस्ती २४ जानेवारी २०२० रोजी अंमलात आली. जळगाव जनता सहकारी बँकेच्या खटल्यात २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तिचा अर्थ लावला: गहाणाची मध्यवर्ती नोंदणी झाली असल्यास आधी बँक, मग कर. मात्र त्या तारखेपूर्वीच रीतसर जप्ती जाहीर झालेली असेल, तर करखात्याला अग्रहक्क सांगता येतो.