गोचीडताप आणि घरचा कुत्रा : शंभर वर्षांचा धागा

तळेगावसारख्या गावात कुत्रा अंगणात असतो आणि मांजर घरात. त्यांच्या कानामागची गोचीड आपण काढतो आणि विसरून जातो. वैद्यकशास्त्रालाही तिचे महत्त्व हळूहळूच कळले.

१९१० मध्ये ट्युनिस शहरात कोनोर आणि ब्रुश यांनी अंगावर पुरळ उठणाऱ्या एका तापाचे वर्णन केले. १९१७ मध्ये डॉ. मेगॉ यांनी कुमाऊंच्या डोंगरात गोचीड चावल्यावर येणाऱ्या तापाची नोंद केली. या तापांचे कारण म्हणजे रिकेट्सिया जातीचे जिवाणू. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड ते पसरवते, हे पुढे स्पष्ट झाले. १९३५ मध्ये अल्जीरियात खुद्द कुत्र्यांना आजारी पाडणारा, गोचिडीतूनच येणारा एर्लिकिया हा जिवाणू सापडला.

आपल्या विदर्भात अकोल्याचे डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मुलांमधील गोचीडताप लवकर ओळखण्यासाठी गुणपद्धती मांडली. तिच्यात तळहात-तळपायांवरच्या पुरळाबरोबरच घरातले पाळीव प्राणी आणि गोचिडीशी आलेला संपर्क यांनाही गुण आहेत. हे महत्त्वाचे आहे, कारण पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते. डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू झाले तर ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो. उशीर मात्र जिवावर बेतू शकतो.

म्हणून ताप आल्यावर घरच्या कुत्र्या-मांजराबद्दल आणि गोचिडीबद्दल डॉक्टरांना आपणहून सांगा. गोचीड बोटांनी चिरडू नका; चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, हात साबणाने धुवा. प्राण्याला पशुवैद्यकाकडे न्या.